पाण्याची टाकी खाली ठेवावी

मित्रांनो, मी एक जुनी माहितीपुस्तिका आहे. गोष्टीचं पुस्तक म्हणावं तर तसं नाही, शाळेचं म्हणावं तर तसंही नाही. मळ्यातल्या विहिरीवर तेल इंजिन कसं बसवावं आणि कसं सुरू करावं, एवढंच माझ्या पोटात आहे. सोळा पानं, दोन टाचण्या आणि वरून निळा जाड कागद, असा माझा संसार. निळा रंग आता उडून गेला आहे. तिसऱ्या पानावर कुणाचा तरी तेलकट अंगठा उमटला आहे, आणि त्यावर व चौथ्या पानावर पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या खुणांपाशी आपण येऊच.

वस्तू आपलं चरित्र सांगायला बसल्या की बहुधा उपकारांची यादी वाचतात. छत्री म्हणते, मी भिजू दिलं नाही. खुर्ची म्हणते, मी बसू दिलं. माझ्याजवळ सांगण्यासारखी तशी यादी नाही. माझ्या एका ओळीमुळे एका बाईचं वाचणं बंद पडलं. मी ते तिच्याच घरात, खुंटीवर लटकून, रोज पाहिलं. ती लाज अजून माझ्या अंगावर आहे. ती सांगून टाकावी म्हणून बसले आहे.

आपलं राज्य तेव्हा नवं नवं होतं. कचेऱ्यांवर मराठी पाट्या चढत होत्या. आमच्या कारखान्याच्या मालकांनाही वाटलं, शेतकऱ्याच्या इंजिनाबरोबर इंग्रजी चोपडं पाठवणं बरं दिसत नाही. म्हणून कचेरीतल्या एका गृहस्थांना माझं काम दिलं. अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखन चोख, स्वभाव गरीब. त्यांनी इंजिनाला कधी हात लावला आहे का, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नाही.

त्यांनी मला फार प्रेमानं लिहिलं, हे कबूल केलं पाहिजे. एकच शब्द वारंवार आला की भाषा दरिद्री दिसते, असं त्यांना शाळेत शिकवलेलं. त्यामुळे इंजिन फिरवायचा जो वाकडा लोखंडी तुकडा असतो, तो माझ्यात एका ओळीत मूठ झाला, पुढच्या ओळीत दांडा आणि त्याच्या पुढे हँडल. वाचणाऱ्याला सुरुवातीलाच घाबरवू नये, हाही त्यांचा चांगुलपणा. म्हणून भाजणं, फुटणं, तुटणं असलं जे काही होतं ते त्यांनी वेचून वेचून शेवटच्या पानावर नेलं आणि त्याला ‘संकीर्ण सूचना’ असं गोड नाव दिलं.

आणि प्रत्येक पान बावीस ओळींचं. एकवीस नाही, तेवीस नाही. चौथं पान छापखान्यात जुळवलं तेव्हा एक ओळ जास्त भरली. मग गृहस्थ लाल पेन्सिल घेऊन बसले आणि इकडून एक, तिकडून एक असे शब्द उडवू लागले. ‘पाण्याची टाकी खाली जमिनीवर ठेवावी’ असं एक वाक्य होतं. टाकीतल्या पाण्यानं इंजिन गार राहतं, तेव्हा ती भरायची हे कुणालाही कळेल, म्हणून ते त्यांनी लिहिलंच नव्हतं. त्यातला ‘जमिनीवर’ त्यांनी उडवला. “खाली म्हटलं की जमिनीवर आलंच,” ते स्वतःशीच म्हणाले. पान बावीस ओळींत बसलं. चित्राचा ठसा वेळेवर आला नाही, म्हणून मी बिनचित्रांचीच शिवली गेले. मालकांनी मला हातात घेऊन चाळलं आणि म्हणाले, “वा, सुबक झाली आहे.”

त्या एका शब्दावर मी कितीतरी दिवस फुगून होते, मित्रांनो.

माझ्यासारख्या हजारभर बहिणी निघाल्या. एकेकीला एकेका इंजिनाच्या खोक्यात घातलं. माझं खोकं नांदुऱ्याच्या स्टेशनावर उतरलं, तिथून ट्रकनं आणि पुढे बैलगाडीनं वरवट बकालला आलं. घर माळ्याचं. वांगी, मिरच्या, कांदे पिकवणारं. घरात मुख्य सोजराबाई. त्यांचा मुलगा गुलाबराव, अंगानं दांडगा पण शाळेत जेमतेम तीन दिवस गेलेला. आणि गुलाबरावांची बायको अन्नपूर्णा, मोताळ्याची माहेरवाशीण, चौथी पास.

चौथी पास म्हणजे त्या घरात केवढी गोष्ट होती ते तुम्हाला आज कळायचं नाही. दुकानातून साखर-गूळ बांधून आलेला कागद अन्नपूर्णा आधी वाचायची, मग चुलीत घालायची. अर्धी बातमी, तुटकी जाहिरात, कुणाच्या तरी गणिताच्या वहीचं पान, काही चालायचं. सोजराबाई शेजारणींना सांगायच्या, “आमची सून कागद वाचल्याबिगर जाळत नाई. एखांद्यात सरकारचा हुकूम असला म्हंजे?” हे बोलताना त्यांचा पदर आपोआप सरळ व्हायचा.

तर इंजिन विहिरीवर बसलं. नारळ आला. शेजारचा कचरू आला. तो कुठल्याही कामाला हात लावायचा नाही, पण तोंड मात्र प्रत्येक कामाला लावायचा. सोजराबाईंनी विहिरीच्या काठावर पाट मांडला, मला त्यावर ठेवलं आणि माझ्या निळ्या कागदावर हळद-कुंकू वाहिलं. अन्नपूर्णा वाचणार आणि गुलाबराव तसंतसं करणार, असं ठरलं. इकडे पोथी अशीच वाचतात. एकानं ओवी म्हणायची, बाकीच्यांनी ऐकायची, मधेच पान उलटायचं नाही. माझ्या गृहस्थांनी मला टेबलाशी बसून लिहिलं होतं. मला कुणी असं उन्हात, ओळीगणिक हात चालवत ऐकेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

“‘मूठ जागेवर बसवावी,’” अन्नपूर्णानं वाचलं.

“मूठ? कोनाची मूठ?” कचरू म्हणाला. “गुलाबराव, तुयी बसवतं का मायी?”

“गप बे. हे असन,” म्हणत गुलाबरावांनी तो वाकडा लोखंडी तुकडा उचलून बसवला.

“‘दांडा एकवार फिरवून पाहावा.’”

आता दांडा शोधायची वेळ आली. खोक्यातलं गवत उपसलं. खोकं पालथं केलं. गुलाबराव गुडघ्यावर येऊन इंजिनाच्या बुडाखाली पाहू लागले. “मूठ भेटली, पन दांडा नाई आला वाटते.”

“नांदुऱ्याच्या ठेसनावरच कोनं काढून घेतला असन,” कचरू म्हणाला. “चांगला असन म्हून घेतला. पुढे काय हाये वहिनी?”

“‘हँडल सैल वाटल्यास आवळावे.’”

“घ्या. हे तिसरं निंगालं.”

अन्नपूर्णानं माझ्याकडे पाहिलं, मग त्या तुकड्याकडे पाहिलं. “आत्याबाई, मले वाटते हे तिन्ही एकच होय.”

“एका वस्तूले तीन नावं?” सोजराबाई म्हणाल्या. “इष्णूले हजार नावं हायेत, पन तो देव हाये. लोखंडाले काऊन पाह्यजेत?”

सगळे हसले. मीही हसले असते. तेव्हा मला लाज नव्हती.

मग चौथं पान आलं. अन्नपूर्णानं पदरानं घाम पुसला आणि वाचलं, “‘तेलाची टाकी पूर्ण भरावी. पाण्याची टाकी खाली ठेवावी.’”

गुलाबरावांनी तेल भरलं. पाण्याची बादली त्यांनी विहिरीतून आधीच शेंदून ठेवली होती. ती उचलता उचलता ते थांबले. “खाली?”

“खाली ठेवावी, असंच लिव्हलं हाये.”

“मंग ते टाकी कायले देली बाप्पा त्यायनं?”

मित्रांनो, ज्यांना वऱ्हाडी बोली ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तिकडे खाली म्हणजे रिकामी. डबा खाली झाला, पोट खाली हाये, गाडी खाली गेली. तेलाची भरावी आणि पाण्याची खाली ठेवावी, यात अडायला जागाच कुठे होती? वाक्याला वाक्य कसं जोडीला जोड बसलं होतं.

तरीही अन्नपूर्णा अडली. हे मी शपथेवर सांगते. तिचं बोट त्या ओळीवरून पुढे सरकेना. ती म्हणाली, “मी पुढचं जरा पाहू का? पान्याचं पुढे काई असन तं?”

“पोथी मधातून चाळत नसतात,” सोजराबाई म्हणाल्या. “जे आलं ते करा. लिव्हनारे काई येडे हायेत का?”

अन्नपूर्णा माझ्याकडे पाहत राहिली. तिला माझ्याकडून फक्त एक शब्द हवा होता. तो माझ्या अंगावर नव्हता. तो दूर तिकडे छापखान्याच्या फरशीवर, केरात गेला होता. मी गप्प राहिले. पुस्तकाला गप्प राहण्यावाचून दुसरं काही येत नाही, हे खरं. पण त्या दिवशी ते मला पुरेसं कारण वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. गुलाबरावांनी बादली कांद्याच्या वाफ्यात ओतली.

इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. धक् धक् धक्. नळीतून पाण्याचा लोंढा पाटात आला. कचरूनं टोपी उडवली, सोजराबाईंनी पाण्याला हात जोडले. मी सहाव्या पानावर उघडी होते. पुढची दहा पानं कुणी वाचली नाहीत, आणि त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. इंजिन सुरू झाल्यावर पुढचं कोण वाचतं?

अर्ध्या तासानं वास आला. तवा चुलीवर विसरावा तसा. मग इंजिनाचा आवाज जड झाला आणि डोक्याकडून धूर निघायला लागला. “तापलं, तापलं!” असं म्हणत गुलाबराव धावले. चालत्या पाटातलं गार पाणी त्यांनी बादलीत घेतलं आणि टाकीच्या तोंडातून भस्सकन ओतलं. ज्याला कुणाला तापलेलं काही दिसेल तो हेच करेल. ‘तापलेल्या इंजिनात थंड पाणी कदापि ओतू नये’ ही सूचना माझ्याजवळ होती, मित्रांनो. सोळाव्या पानावर. संकीर्णमध्ये. खालून दुसरी.

टर्र करून आवाज झाला. वाफेचा लोट उलटा आला आणि गुलाबरावांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. इंजिनाच्या लोखंडी डोक्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. मळ्यात एकदम शांत झालं. पाटातलं पाणी तेवढं थोडा वेळ वाहत राहिलं.

गुलाबरावांच्या हाताला कोरफड लावून झाल्यावर सोजराबाई विहिरीवर परत आल्या. त्यांनी मला पाटावरून उचललं आणि पदराच्या टोकानं माझ्या अंगावरचं कुंकू पुसलं. मग सुनेला म्हणाल्या, “चौथीच तं शिकली. पुरं येत नाई तं म्हनाव, येत नाई. मायाच पोराचा हात घ्या लागत होता?”

अन्नपूर्णा पडलेली बादली उचलायला वाकली.

“आता बस झालं वाचन,” सोजराबाई म्हणाल्या आणि मला स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगलं.

खुंटीवरून सगळं दिसतं, हीच खुंटीची शिक्षा. दोन दिवसांनी घरात कुणी नसताना अन्नपूर्णानं मला खाली काढलं. चौथं पान उघडलं. बोट ठेवून ती अक्षर न् अक्षर लावू लागली. खा. ली. एखादी मात्रा, एखादा काना आपण गिळला असेल, असं तिला वाटत होतं. तिनं तीनदा पाहिलं. तिची चूक कुठेच सापडेना, आणि न सापडलेली चूक सापडलेलीपेक्षा जास्त जड असते. तिनं मला परत टांगलं.

त्यानंतर साखरेचा कागद सरळ चुलीत जायला लागला.

महिन्याभरानं मोताळ्याहून तिच्या भावाचं कार्ड आलं. पोस्टमननं नेहमीप्रमाणे तिच्याच हातात दिलं. तिनं ते उलटंसुलटं केलं नाही, पाहिलंसुद्धा नाही. पदराखाली धरून शाळेतल्या गुरुजींकडे गेली आणि त्यांच्याकडून वाचून घेऊन आली. सोजराबाई दारात मिरच्या निवडत होत्या. त्यांनी विचारलं, “गुरुजीकडे काऊन गेली वं?”

“मले कुठं नीट येते वाचता,” अन्नपूर्णा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. नसलेला राग सोजराबाईंना बोचला असावा, कारण त्यांनी एक चांगली मिरची सडक्यांत टाकली.

मी त्या कार्डाची नात्यानं बहीण लागते. दोघीही कागद, दोघीही वाचायला आलेल्या. त्या दिवशी मला खुंटीवरून गळून चुलीत पडावंसं वाटलं.

मग एके दिवशी कारखान्याचे साहेब आले. तडा गेलेल्या इंजिनाची तक्रार जळगाव जामोदच्या मोतीराम मेस्त्रीनं लिहून कळवली होती, आणि तोच त्यांना घेऊन आला. साहेब तरुण होते, पांढरा सदरा, पायात मोजे. अंगणातल्या बाजेवर बसले. मला खुंटीवरून काढून त्यांच्या हातात दिलं. अन्नपूर्णा दाराच्या चौकटीमागे उभी राहिली.

“पाणी न घालता इंजिन चालवलं म्हणे तुम्ही,” साहेब म्हणाले. “पुस्तिका वाचली नव्हती का?”

“वाचली ना साहेब,” गुलाबराव म्हणाले. “वाचूनच केलं.”

साहेबांनी चौथं पान काढलं. “हे काय, पाण्याची टाकी खाली ठेवावी. स्वच्छ लिहिलंय.”

“खालीच होती,” मोतीराम म्हणाला.

“खाली होती ना? मग पाणी कुठे गेलं?”

“खाली होती तं पानी कुठून असन, साहेब?”

“अहो, पण खाली ठेवल्यावर पाणी राहीलच ना!”

“खाली ठेवल्यावर कसं राहीन?”

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. त्यांना वाटलं हे लोक थट्टा करताहेत. मोतीरामला वाटलं साहेबाला ऊन लागलं. कचरू अंगणाच्या कोपऱ्यात बसला होता, तो म्हणाला, “साहेब, तुमच्या गावाकडे खाली भांड्यात पानी राह्यते का? मंग आमाले तेच भांडं पाठवा ना.” पण कुणी हसलं नाही.

“ही बाई वाचत होती ना?” साहेब चौकटीकडे हात करून म्हणाले. “तिला बहुतेक नीट वाचता येत नसावं.”

अन्नपूर्णा चौकटीमागे एक पाऊल मागे सरली. सोजराबाईंनी ते पाहिलं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण पाहुण्याला आधी पाणी द्यावं म्हणून आत वळल्या. मांडणीवर, सगळ्यांत वरच्या फळीवर पितळी हंडा होता. त्यांनी तो हलवून पाहिला आणि सुनेला हाक दिली, “अन्नपूर्णे, हंडा खाली हाये वं. आन बरं भरून.”

अंगणातून, उघड्या दारातून तो हंडा सरळ दिसत होता. साहेब म्हणाले, “अहो बाई, हंडा तर वर आहे.”

“वर हाये अन् खाली हाये,” सोजराबाई म्हणाल्या. “पाहा ना उचलून.”

साहेब उठले नाहीत. त्यांनी हंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा हंड्याकडे. त्यांची मान हळूहळू लाल झाली. सोजराबाईंच्याही ध्यानात आलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या, हात हंड्याच्या कानावर तसाच.

“खाली म्हणजे जमिनीवर,” साहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले. “टाकी उंच ओट्यावर ठेवू नका, जमिनीवर ठेवा, असं म्हणायचं होतं आम्हाला.”

आणि मग अन्नपूर्णा चौकटीच्या पुढे आली. दीड महिना ती कुणाशी एवढं बोलली नव्हती. “मंग जमिनीवर, असं काऊन नाई लिव्हलं?”

“तुम्हाला शंका आली होती तर विचारायचं होतं.”

“कोनाले इचारू? पुस्तकाले? मी वाचलं साहेब, अन् ते गप. मी थांबली, अन् ते गपच.”

मित्रांनो, इथे माझी सोळाही पानं एकमेकांना चिकटली असती तर बरं झालं असतं.

साहेब भले माणूस होते, एवढं म्हटलं पाहिजे. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि मला अन्नपूर्णाच्या हातात दिलं. “जिथं जिथं अडलात तिथं खूण करा.” तिनं आधी सासूकडे पाहिलं. सोजराबाई म्हणाल्या, “कर ना.” मग तिनं चौथ्या पानावर खूण केली, आणि तिसऱ्यावर तीन. साहेब डायरीत लिहून घेऊ लागले. ती काही नियम सांगते आहे असं तिला वाटतच नव्हतं. ती आपली तक्रार सांगत होती.

“मूठ म्हना नाई तं दांडा म्हना, एकदा बारसं झालं म्हंजे झालं. मंग नाव बदलू नोका. अन् हे,” तिनं सोळावं पान काढलं, “हे शेवटी काऊन? हात भाजल्यावर वाचाचं का? भाजते कशानं, ते हात लावाच्या आंधी सांगा. एका ओळीत एकच काम सांगा साहेब, करनाऱ्याचे हात दोनच असतात. अन् पुढचं पान पाहा, असं म्हनू नोका. हाताले तेल असते, पान कोन उलटवीन?”

“आणखी?”

तिनं पुस्तिका मिटली. “लिव्हून झालं म्हंजे एखांद्याले वाचून दाखवा. ज्यानं इंजिन पाह्यलंच नाई अशाले.”

साहेबांनी डायरी मिटली. जाताना त्यांनी तिला नमस्कार केला. सोजराबाईंनी सुनेला काहीच म्हटलं नाही. त्या दिवशी जेवताना त्यांनी तिच्या ताटात न विचारता दुसरी भाकर वाढली, एवढंच. माफी मागायची त्यांच्या घरात रीत नव्हती आणि त्यांना ती येतही नव्हती. पण अन्नपूर्णा काही वाचायला लागली नाही. साखरेचा कागद चुलीतच जात राहिला. सासूनं बस म्हटलं होतं, आणि ते तिनं अजून मागे घेतलं नव्हतं.

पुढल्या महिन्यात इंजिनाचं नवं डोकं आलं, आणि त्याबरोबर एक जाड पाकीट. आत टंकलेखन केलेली बावीस पानं, आणि गुलाबरावांच्या नावानं चिठ्ठी. चिठ्ठी मोतीराम मेस्त्रीनं वाचून दाखवली. नवी पुस्तिका छापण्यापूर्वी सौ. वहिनींना वाचावयास द्यावी, आणि अडेल तिथे खूण करून परत पाठवावी, असं लिहिलं होतं.

मोतीरामनं डोकं बसवलं. सगळे पुन्हा विहिरीवर जमले. गुलाबरावांच्या हातावरची नवी कातडी अजून गुलाबी होती. पानं कुणी घ्यायची, हा प्रश्न आला. मोतीराम म्हणाला, “मी वाचतो पटकन, त्यात काय?” आणि त्यानं हात पुढे केला.

“थांब,” सोजराबाई म्हणाल्या. त्यांनी ती बावीस पानं त्याच्या हातून घेतली आणि सुनेपुढे धरली. “घे. अन् आंधी सारं वाच, मनातल्या मनात. शेवटपर्यंत. मंग सांग.”

“साऱ्याले येळ लागन, आत्याबाई.”

“लागू दे.”

अन्नपूर्णा विहिरीच्या काठावर बसली. मांडीवर मला घेतलं, माझ्यावर ती नवी पानं ठेवली, आणि वाचायला लागली. पहिल्या दोन पानांवर तिचं बोट घाबरत घाबरत चाललं. तिसऱ्यापासून सुटलं. माझ्या अंगावरून मला ते कळत होतं. ऊन सरकलं, सावली सरकली. गुलाबराव बादली उपडी करून तिच्यावर बसले. कचरूला मात्र राहवेना. “काकू, पोथी मुकी झाली का वं?”

“गप बे,” सोजराबाई म्हणाल्या. “समजून राह्यली ते.”

बाविसावं पान झालं. अन्नपूर्णानं एका ठिकाणी पेन्सिलीनं खूण केली आणि मान वर केली. “नवव्या पानावर पुन्हा मुठीचा दांडा झाला,” ती म्हणाली. तेव्हा मळाभर हशा झाला, आणि त्यात सोजराबाईंचं हसू सगळ्यांत मोठं होतं. मग तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं, “‘धोका. पाणी भरल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.’” गुलाबरावांनी बादली उचलली.

ती नवी पुस्तिका पुढे छापली गेली. ती माझ्यापेक्षा जाड आहे, दिसायला साधी आहे. पानांच्या ओळी लहानमोठ्या आहेत, ‘मूठ’ हा शब्द एकाच पानावर पाच-पाचदा येतो. तिला कुणी सुबक म्हणत नाही. तिच्यामुळे कुणाचा हात भाजला, असंही मी ऐकलेलं नाही.

मित्रांनो, मला पुठ्ठा लावा, धूळ झटका, जपून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी जपण्याच्या लायकीची नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, आणि एखादे दिवशी दुसऱ्यासाठी काहीतरी लिहाल. औषध कसं घ्यावं, तारेला हात कसा लावू नये, गाव कुठून कसं गाठावं. ते वाचणारा तुमच्यासमोर नसेल. तो अडेल तेव्हा तुम्ही त्याला ऐकू जाणार नाही. तुमच्या ओळीवर विश्वास ठेवून तो हात पुढे करेल, आणि हात भाजला तर लोक वाचणाऱ्यालाच अडाणी म्हणतील. तेव्हा पान देखणं होत नसेल तर नको होऊ दे, पण एखादा शब्द उडवण्याआधी त्या हाताची आठवण ठेवा.

आणि एक काम आहे. माझ्या हजारभर बहिणी त्या वर्षी गावोगाव गेल्या. मोताळ्याला गेल्या, जळगाव जामोदला गेल्या, आणखी कुठे कुठे गेल्या. त्यांचं काय झालं मला माहीत नाही. कुणाकुणाचं वाचणं बंद पडलं असेल, हा विचार मनात आला की मला माझ्या टाचण्याही टोचतात. निळ्या पाठीची, सोळा पानांची अशी एखादी तुम्हाला कुठे सापडली, तर चौथं पान उघडा. वरून सातव्या ओळीतलं ‘खाली’ खोडा आणि तिथं ‘जमिनीवर’ लिहा. पेन्सिलही चालेल.